सबुरीचे कथनशास्त्र : 'श्रीसाईसच्चरिता'तील अनुत्तरित प्रश्न आणि राहात्याची वेस

१

संतचरित्र या वाङ्मयप्रकाराकडे मराठी अभ्यासकांनी बहुधा दोनच दृष्टींनी पाहिले आहे. इतिहाससंशोधकाची दृष्टी चमत्काराचे फोलपट पाखडून टाकते आणि सुपात उरलेल्या सनावळ्या, गुरुपरंपरा व ग्रामनामे तेवढी निवडून घेते. भाविकाची दृष्टी नेमके उलट करते. तिला सनावळीशी कर्तव्य नसते, प्रचीतीशी असते. वरवर विरोधी वाटणाऱ्या या दोन्ही दृष्टींत एक साम्य आहे. चरित्रग्रंथ ही एक रचलेली संहिता आहे, तिला घाट आहे, तिच्यातील प्रसंगांचा क्रम आणि त्यांतील मौनेही अर्थवाही आहेत, याची दखल दोघेही घेत नाहीत. परिणामी या वाङ्मयाच्या केंद्रस्थानी असलेला प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेर राहतो. ईश्वर आपला सांभाळ करतो हा विश्वास आणि दुःख मात्र टळत नाही हा अनुभव, या दोहोंना एकाच कथनात नांदवायचे कसे, हा तो प्रश्न होय. तो तत्त्वज्ञानाचा आहे तितकाच कथनाचाही आहे. कारण श्रद्धेचा सिद्धान्त सांगणे सोपे असते, श्रद्धाळू माणसाच्या घरी मूल मरते तेव्हा पुढचे वाक्य काय लिहावे, हे अवघड असते.

या प्रश्नाच्या दृष्टीने गोविंद रघुनाथ दाभोलकर उर्फ हेमाडपंत (१८५९–१९२९) यांचा 'श्रीसाईसच्चरित' हा ओवीबद्ध ग्रंथ विशेष विचारार्ह आहे. १९२३ मध्ये सुरू झालेल्या 'श्रीसाईलीला' मासिकातून तो क्रमशः वाचकांपुढे आला आणि लेखकाच्या निधनानंतर, १९३० मध्ये, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. नऊ हजारांवर ओव्यांचा हा विस्तार पारायणग्रंथ म्हणून घरोघरी पोहोचला. या लोकप्रियतेमुळेच समीक्षेने त्याला आपल्या टापूबाहेरचा मानले असावे. वस्तुतः ज्या भूमीत या ग्रंथातील घटना घडतात ती अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याची भूमी ओवीची आणि चरित्रकथनाची जुनी पेठ आहे. नेवाशाला १२९० मध्ये 'ज्ञानेश्वरी' सिद्ध झाली. राहुरीजवळच्या ताहराबादेस महिपतींनी अठराव्या शतकात 'भक्तविजय' आणि 'भक्तलीलामृत' रचले. हेमाडपंत मुंबईकडचे, वांद्र्याला मॅजिस्ट्रेटच्या हुद्द्यावर काम केलेले. पण त्यांनी हाती घेतलेले वाहन मात्र याच परगण्यात घडलेले होते. त्यांच्यासमोर आदर्श होता एकनाथी भागवताचा आणि महिपतींच्या चरित्रपरंपरेचा.

तथापि महिपती आणि हेमाडपंत यांच्यात एक मूलभूत अंतर आहे. महिपती ऐकीव परंपरेचे निवेदक आहेत. त्यांचे संत काळाने दूर गेलेले आहेत. हेमाडपंत समकालीनाचे चरित्र लिहितात. माणसाचे नाव, गाव, हुद्दा, आजार, कोणत्या गाडीने तो आला आणि कोणाच्या वाड्यात उतरला, हे सारे ते न्यायालयातील जबानीच्या काटेकोरपणे नोंदवतात. ओवीच्या जुन्या घाटात साक्षीपुराव्याची ही आधुनिक सवय शिरल्यामुळे या संहितेत एक ताण निर्माण झाला आहे. ओवी फलश्रुतीकडे ओढते, तर साक्ष जे घडले त्याकडे. जे घडले त्यात उत्तर नसेल, तर साक्षीदाराने काय करावे?

२

या ताणाचा पहिला आविष्कार ग्रंथाच्या दाराशीच आढळतो. शिरडीस जाण्याचा आग्रह नानासाहेब चांदोरकर व काकासाहेब दीक्षित यांनी केला असता निवेदक निघण्याच्या तयारीत होता. पण निघाला नाही. कारण असे की, लोणावळ्यास राहणाऱ्या त्याच्या एका स्नेह्याचा एकुलता मुलगा तापाने आजारी पडला. औषधोपचार झाले, दैवी उपाय झाले, अखेर स्नेह्याने आपल्या गुरूला मुलाच्या उशाशी बसवले. मुलगा गेला. गुरूने एवढेही साधत नसेल तर गुरूकडे जायचे कशाला, असा सरळ प्रश्न निवेदकाला पडला आणि त्याने बेत रहित केला.

संतचरित्राच्या परंपरेत संशयी माणूस नवा नाही. पण तेथे संशयी बहुधा गर्विष्ठ, पाखंडी किंवा मत्सरी असतो. त्याचा संशय हा दोष असतो आणि कथेच्या अखेरीस तो दोष धुऊन निघतो. येथील संशय अशा दोषातून उद्भवलेला नाही. तो एका मुलाच्या मृत्यूतून, मित्राच्या शोकाविषयी वाटणाऱ्या कळवळ्यातून आला आहे. शिवाय हा संशय ग्रंथकर्त्याचा स्वतःचा आहे. म्हणजे ज्या लेखणीतून पुढे भक्तिरस वाहायचा आहे, ती लेखणी प्रथम या मृत्यूची नोंद करून मगच पुढे सरकते. दुसऱ्याच अध्यायात ही घटना सांगण्याची काही निकड नव्हती. ती वगळली असती तरी चरित्राला उणेपणा आला नसता. ती ठेवली गेली, हे या संहितेचे पहिले प्रामाणिकपण म्हणावे लागेल.

यानंतर या प्रश्नाचे काय होते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. चांदोरकर निवेदकाला पुन्हा भेटतात, दिरंगाईबद्दल कानउघाडणी करतात, आणि १९१० मध्ये तो निघतो. दादरला गाडी पकडण्याचा त्याचा बेत होता. डब्यात भेटलेला एक मुसलमान गृहस्थ त्याला सांगतो की मनमाडची गाडी दादरला थांबत नाही, तेव्हा थेट बोरीबंदर गाठावे. शिरडीस पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी बाळासाहेब भाटे यांच्याशी त्याचा वाद जुंपतो. गुरूची आवश्यकता काय, पुरुषार्थ श्रेष्ठ की प्रारब्ध, यावर बराच वेळ खल होऊन निष्पन्न काहीच होत नाही. पुढे मशिदीत गेल्यावर, वाड्यात कसला वाद चालला होता आणि हे 'हेमाडपंत' काय म्हणाले, अशी साईबाबांची पृच्छा होते; यादवांच्या विद्वान मंत्र्याचे नाव थट्टेने मिळते ते असे. दुसऱ्या दिवशी एका संवादात वाटेचे रूपक येते. वर जाण्याचे मार्ग अनेक आहेत, येथूनही एक आहे, वाट बिकट आहे, रानात वाघ-लांडगे आहेत. सोबत वाटाड्या असेल तर मात्र अडचण नाही. निवेदक हे आपल्या वादाचे उत्तर म्हणून स्वीकारतो.

परंतु काटेकोरपणे पाहता हे उत्तर भाट्यांशी झालेल्या वादाचे आहे, लोणावळ्याच्या मृत्यूचे नव्हे. गुरू हवा कशाला, या प्रश्नाला 'वाटेत सोबत म्हणून' असे उत्तर मिळाले. गुरू उशाशी बसला असताना मूल का गेले, हा प्रश्न तसाच राहिला. किंबहुना वाटाड्याच्या रूपकाने त्या प्रश्नाची धार वाढते. कारण लोणावळ्यास वाटाड्या हजर होता आणि तरीही रान ओलांडता आले नाही. येथे संहितेने चलाखीने प्रश्न बदलला, असा आक्षेप घेता येईल. मात्र दुसराही अन्वयार्थ संभवतो. निवेदकाच्या प्रवासात, दादर-बोरीबंदरच्या त्या साध्या सूचनेपासून वाटाड्याच्या रूपकापर्यंत, मदत मिळते ती सोबतीच्या आणि वाट सांगण्याच्या रूपात. ती संकट नाहीसे करत नाही. 'सांभाळ' या शब्दाचा अर्थच येथे बदलू लागतो. रक्षण म्हणजे सांभाळ ही अपेक्षा घेऊन निघालेल्या माणसाला सोबत म्हणजे सांभाळ हा अर्थ हळूहळू शिकवला जातो. शोकाकुल पित्याला हा अर्थ पुरेल काय, हा प्रश्न संहिता येथे उघडाच ठेवते.

ग्रंथाला प्रेरणा देणारी पहिल्या अध्यायातील घटनाही याच जातीची आहे. साईबाबा जात्यावर गहू दळू लागतात. चार बायका पुढे होऊन खुंटा हाती घेतात, गाणी म्हणत दळण पुरे करतात आणि पीठ वाटून घेऊ लागतात. तेव्हा रागावून ते पीठ गावाच्या शिवेवर टाकावयास सांगितले जाते. गावकरी म्हणतात की महामारीवरचा हा उपाय होता. निवेदक यावर जे करतो ते मोठे अर्थपूर्ण आहे. गहू आणि महामारी यांचा कार्यकारणसंबंध काय, असा प्रश्न तो उघडपणे मांडतो आणि तो संबंध आपल्याला लावता येत नाही हेही नमूद करतो. लिहिण्याची ऊर्मी त्याला येते ती या न उलगडलेपणातून. न समजलेल्या गोष्टीची साक्ष म्हणून उभे राहणारे हे चरित्र आहे, हे त्याच्या आरंभानेच सूचित केले आहे.

३

या संदर्भात ग्रंथातील भूगोलाला, विशेषतः राहात्याला, जे स्थान आहे त्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. आज राहाता हे तालुक्याचे ठिकाण आहे. चरित्रकाळी ते आणि शिरडी दोन्ही कोपरगाव तालुक्यात मोडत. नगर-मनमाड रस्त्यावर, शिरडीच्या दक्षिणेस अवघ्या काही मैलांवरचे हे व्यापारी पेठेचे गाव. आठव्या अध्यायात चरित्रनायकाच्या संचाराची सीमा सांगितली आहे. उत्तरेस निमगाव आणि दक्षिणेस राहाता. त्यापलीकडे जाणे नाही. दौंड-मनमाड लोहमार्ग जवळून जात असूनही आगगाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती, असे निवेदक सांगतो, आणि त्याच दमात, गाड्यांच्या वेळा मात्र त्यांना अचूक ठाऊक असत, अशी जोडही देतो.

भक्तिवाङ्मयात ईश्वरी कृपेची व्याप्ती साधारणतः विश्वव्यापक असते. येथे ती चालण्याच्या अंतराने मोजली जाते. या मर्यादेमुळे कृपेला एक मानवी परिमाण प्राप्त होते. राहात्याचे चंद्रभानशेट मारवाडी आणि त्यांच्यामागे त्यांचे पुतणे खुशालचंद यांच्यावर साईबाबांचा लोभ होता. त्यांच्या भेटीसाठी कधी बैलगाडीने, कधी टांग्याने राहात्यास जाणे, वेशीपाशी वाजतगाजत झालेले स्वागत, घरी जेवण, गप्पागोष्टी आणि परतणे, एवढाच तो प्रसंग आहे. त्यात चमत्कार नाही, उपदेश नाही, फलश्रुती नाही. दोन घरांमधील येण्याजाण्याची ही नोंद कोणत्याही कौटुंबिक पत्रात शोभावी इतकी साधी आहे.

तिसाव्या अध्यायात राहाता पुन्हा येते. खुशालचंदांची बरेच दिवसांत भेट नाही म्हणून साईबाबा काकासाहेब दीक्षितांना टांगा घेऊन राहात्यास पाठवतात. इकडे खुशालचंदांना दुपारच्या झोपेत, शिरडीस यावे, असे स्वप्न पडलेले असते. घोडे जवळ नसल्याने निरोप देण्यासाठी त्यांनी मुलाला धाडले आहे. तो गावाच्या शिवेबाहेर पडतो न पडतो तोच दीक्षितांचा टांगा समोर येतो. भाविक वाचक येथे स्वप्नावर थांबतो, आणि चिकित्सक वाचक योगायोगावर. संहितेची रचना मात्र तिसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवते. स्वप्न पोहोचले होते, तरीही टांगा पाठवला गेला. अद्भुताने लौकिकाची गरज संपत नाही. निरोप्या लागतो, घोडे लागते, धुळीचा रस्ता तुडवावा लागतो. तिकडून मुलगा निघालेला असतो आणि इकडून टांगा. दोन्ही बाजूंच्या या धडपडीची भेट वेशीवर होते. विश्वासाची कल्पना यापेक्षा मूर्तपणे मांडणे कठीण आहे.

राहात्याशी निगडित आणखी दोन कथा पाचव्या अध्यायात आहेत. त्यांपैकी जव्हारअलीची कथा अस्वस्थ करणारी आहे. नगरहून आलेला हा विद्वान, गोड वाणीचा फकीर राहात्यास वीरभद्राच्या देवळानजीक उतरतो. तेथे ईदगाह बांधण्याच्या प्रकरणातून तंटा होतो आणि तो शिरडीच्या मशिदीत येऊन राहतो; साईबाबांना आपला चेला म्हणवू लागतो, आणि दोघे राहात्यास राहावयास जातात. निवेदकाच्या म्हणण्यानुसार शिष्याला गुरूचे दोष ठाऊक होते, गुरूला शिष्याची योग्यता ठाऊक नव्हती. तरी सेवेत कसूर झाली नाही. शिरडीचे लोक आणावयास गेले तेव्हा फकिराच्या तापट स्वभावाची त्यांना सूचना मिळाली. अखेर सारे शिरडीस परततात आणि देवीदासाबरोबरच्या वादात जव्हारअलीचा पराभव होऊन तो निघून जातो. या कथेचा बोध काय मानावा? अपात्र माणसावरही निष्ठा ठेवावी, असा तो असेल तर तो घातक होय, आणि अशा बोधाचा दुरुपयोग किती होऊ शकतो हे सांगण्याची आवश्यकता नाही. कथेचा शेवट पाहता संहितेलाही तो बोध पुरता मान्य नसावा. निष्ठेची कसोटी चालू असतानाच वादसभा भरते, ज्ञानाची परीक्षा होते आणि खोटे उघडे पडते. सबुरीला विवेकाची जोड नसेल तर ती केवळ सोसणे ठरते, याचे भान या कथेच्या जोडणीत सुप्तपणे वावरते.

दुसरी कथा रोपांची. पडीक जागा साफ करून साईबाबांनी राहात्याहून जाई, जुई, झेंडू यांची रोपे आणून लावली आणि त्यांना पाणी घातले. पाण्यासाठी वामन तात्या रोज दोन कच्चे घडे देत. काम झाल्यावर घडे निंबाखाली ठेवले जात. ठेवताच ते फुटत. दुसऱ्या दिवशी नवे घडे. असे तीन वर्षे चालून बाग फुलली. कच्चा घडा पाणी धरत नाही, हा सर्वांचा अनुभव. भाविक त्यात चमत्कार पाहील. पण प्रतिमा म्हणून पाहता तिचा रोख घडा टिकण्याकडे नाही. घडा रोज फुटतो हे संहिता लपवीत नाही. रोप जगते ते घडा अभंग राहिला म्हणून नव्हे, तर फुटल्यावर दुसऱ्या सकाळी पुन्हा घडा आणला गेला म्हणून. मनुष्यदेहाला कच्च्या मडक्याची उपमा मराठी संतकाव्यात रूढच आहे. येथे त्या उपमेला शेतमळ्याच्या व्यवहाराने नवी कळा आली आहे.

४

ग्रंथाचे आशयसूत्र ज्या दोन शब्दांत सांगितले जाते ते 'निष्ठा' आणि 'सबुरी' अठराव्या-एकोणिसाव्या अध्यायांतील कथेत एकत्र येतात. संगमनेरकडील राधाबाई देशमुख मंत्रोपदेशासाठी हटून अन्नपाणी सोडून बसतात. त्यांना साईबाबा आपल्या गुरूची गोष्ट सांगतात. गुरूने दक्षिणा मागितली ती दोन पैशांची, निष्ठेचा एक आणि सबुरीचा एक. आणि कानात मंत्र असा काही दिलाच नाही. कासवीण एका तीरावर, पिले दुसऱ्या तीरावर, आणि केवळ नजरेने होणारे पोषण, ही वारकरी परंपरेतील प्रतिमा याच ठिकाणी अवतरते.

येथील शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. 'निष्ठा' संस्कृत आहे, 'सबुरी' अरबी 'सब्र'चे फारसीमार्गे मराठीत रुळलेले रूप. इस्लामी परंपरेत 'सब्र'चा आदर्श म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो अय्यूब, म्हणजेच बायबलातील ईयोब. म्हणजे 'सबुरी' हा शब्द उच्चारताच, उच्चारणाऱ्याच्या नकळत, निरपराधाच्या दुःखाचा तो प्राचीन प्रश्न मराठीच्या अंगणात येऊन उभा राहतो. मराठीत 'सबुरीने घ्या' हा बाजारातला, देण्याघेण्यातला प्रयोग आहे. सावकाराने कुळाला द्यावयाची ती सवड. दोन पैशांच्या रूपकात हा व्यवहारही मुरलेला आहे. तथापि नाणे देऊन वस्तू मिळवावी असा हा सौदा नाही. येथे नाणे हीच वस्तू आहे. सबुरी देऊन काहीतरी पदरात पाडून घ्यायचे नसून सबुरी हेच पदरात पडलेले दान आहे, असा अर्थ कथेच्या रचनेतून निघतो. राधाबाईंनी मागितलेले त्यांना मिळत नाही. मिळते ती, न मिळताही माणूस कसा जगला, याची गोष्ट. आणि कासवीच्या प्रतिमेत तीर दोनच राहतात. मधले पाणी आटत नाही.

५

संपूर्ण ग्रंथ या उंचीवर राहतो असे मात्र म्हणता येत नाही. अनेक अध्यायांत विश्वासाचे रूपांतर करारात होते. नवस केला, रोग हटला. उदी लावली, पीडा टळली. नवस विसरला, आठवण करून दिली गेली. या कथांची मालिका पारायणकर्त्याला जो दिलासा देते त्याची सामाजिक गरज नाकारता येणार नाही. प्लेग आणि महामारी यांनी गावे ओस पडत असलेल्या काळाचे हे लोकमानस आहे. परंतु या कथांचा एक अटळ तार्किक परिणाम होतो. ज्यांची पीडा टळली त्यांच्या श्रद्धेला तिचे श्रेय दिले, की ज्यांची टळली नाही त्यांच्या श्रद्धेवर आपोआप ठपका येतो. लोणावळ्याचा तो पिता या अध्यायांच्या उजेडात अपराधी ठरतो. त्याने नाव न घेता जणू हीच शिक्षा भोगायची.

सेहेचाळिसाव्या व सत्तेचाळिसाव्या अध्यायांतील बोकडांच्या आणि साप-बेडकाच्या पूर्वजन्मकथांत हा धोका अधिक उघड होतो. तेथे प्रत्येक दुःखाला हिशेब आहे, प्रत्येक मृत्यूमागे जुने देणे आहे. कर्मसिद्धान्त बौद्धिक समाधान देतो, पण त्याची किंमत सहानुभूतीच्या रूपाने चुकवावी लागते. ईयोबाच्या ग्रंथात त्याचे मित्र नेमका असाच हिशेब मांडतात आणि शेवटी ईश्वराचा रोष त्या हिशेब मांडणाऱ्यांवरच होतो. 'साईसच्चरिता'त हिशेब मांडणाऱ्या कथांवर असा रोष कोणी करत नाही. ही त्या संहितेची मर्यादा होय.

तरीही त्याच ग्रंथातील सव्विसाव्या अध्यायात गोपाळ नारायण आंबडेकर यांची कथा या मर्यादेला आतून छेद देते. नोकरी गेलेले, सात वर्षे विपन्नावस्थेत काढलेले हे पुण्याचे गृहस्थ १९१६ मध्ये पत्नीसह शिरडीस येऊन दोन महिने राहतात. एका रात्री दीक्षितांच्या वाड्यासमोर बैलगाडीत बसले असता जवळच्या विहिरीत जीव देण्याचा त्यांचा निश्चय होतो. तेवढ्यात खाणावळवाला सगुण बाहेर येतो आणि अक्कलकोट महाराजांचे चरित्र वाचले आहे का, असे विचारून ते त्यांच्या हाती ठेवतो. उघडलेल्या पानावर व्याधीला कंटाळून विहिरीत उडी घेतलेल्या एका भक्ताची कथा असते. महाराज त्याला बाहेर काढून, भोग भोगूनच संपवावा लागतो, असे सांगतात. आंबडेकर परावृत्त होतात.

सिद्धान्ताच्या पातळीवर येथेही कर्माचाच हिशेब आहे. मात्र माणूस वाचतो तो सिद्धान्ताने नव्हे, असे कथनाचा तपशील सांगतो. रात्रीच्या वेळी कोणीतरी दारातून बाहेर आले, त्याने काहीतरी विचारले, एक पुस्तक दिले. त्या पुस्तकात आपल्यासारखाच एक विहिरीच्या काठावरचा माणूस भेटला. एकट्या दुःखिताला दुसरा दुःखित भेटणे, हे चरित्रवाचनाचे कार्य येथे चरित्रग्रंथच आपल्या पोटात चित्रित करतो. पुढे आंबडेकरांना ज्योतिषाच्या व्यवसायात बरे दिवस आल्याची जोड देऊन निवेदक कथा फलश्रुतीकडे नेतो. ती जोड ओवीच्या घाटाची मागणी आहे. कथेचा प्राण त्यापूर्वीच, खाणावळवाल्याच्या प्रश्नात, प्रकट होऊन गेलेला असतो.

६

लोणावळ्याच्या मृत्यूला या संहितेत उत्तर नाही. पण त्याला एक प्रतिरूप आहे, आणि ते एकतिसाव्या अध्यायात सापडते. शिरडीत मरण आलेल्यांच्या कथा येथे एकत्र केल्या आहेत. त्यांत १९१२ मध्ये वारलेला मेघा आहे. या गुजराती ब्राह्मण सेवकाने मशिदीत अत्यंत निष्ठेने पूजाअर्चा केली होती. लोणावळ्यास गुरू उशाशी होता आणि मुलगा गेला. शिरडीतही गुरू जवळ आहे आणि शिष्य जातो. प्रसंगाची मांडणी तीच आहे. येथेही कोणी मरण परतवत नाही. पण साईबाबा गावकऱ्यांसह प्रेतयात्रेत चालतात, देहावर फुले उधळतात, आणि अंत्यविधीनंतर साध्या माणसासारखे त्यांचे डोळे भरून येतात, असे निवेदक नोंदवतो.

चमत्कारांच्या एवढ्या मोठ्या संभारात ही नोंद अनावश्यक होती. किंबहुना सर्वसमर्थ गुरूच्या प्रतिमेला ती बाधकच होती. तरी साक्षीदाराने ती ठेवली. निवेदक दुसऱ्या आणि एकतिसाव्या अध्यायांचा संबंध कोठेही जोडून दाखवत नाही. परंतु संहितेचा अर्थ लेखकाच्या जाणीवपूर्वक हेतूपुरता नसतो. उशाशी बसलेल्या गुरूचा उपयोग काय, या प्रश्नाचा ग्रंथातील शेवटचा शब्द एखादा सिद्धान्त नाही. ते भरून आलेले डोळे आहेत. दुःख निवारू न शकणारा सांभाळ निरर्थक ठरतो की नाही, याचा निर्णय वाचकाने त्या डोळ्यांकडे पाहून करायचा आहे.

याच नगर-मनमाड रस्त्यावर राहात्याच्या दक्षिणेस असलेल्या राहुरीत काही काळ संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४–१९३६) या आत्मकथनाशी येथे तुलना उद्बोधक ठरते. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, मुलांचे मृत्यू, पैशाची चणचण आणि नवऱ्याचा लहरी उदारपणा, यांतून गेलेली ही स्त्री ईश्वरावरील विश्वासाचे प्रवचन जवळजवळ करत नाही. तिच्या गद्याला फलश्रुतीचे बंधन नाही. दुःख सांगून झाल्यावर ती पुढच्या स्वयंपाकाकडे, पुढच्या पाहुण्याकडे वळते. विनोद हीच तिची सबुरी आहे. हेमाडपंतांच्या ओवीला जे प्रयासाने, घाटाशी झगडून साधते, ते लक्ष्मीबाईंच्या बोलभाषेला सहज साधले आहे. मात्र एका बाबतीत हेमाडपंतांची कामगिरी अधिक बिकट होती. लक्ष्मीबाईंना विश्वासाची हमी द्यावयाची नव्हती. हेमाडपंतांचा वाङ्मयप्रकारच हमी देण्यासाठी जन्मलेला होता. तशा प्रकारात राहून हमी न देणाऱ्या जागा शाबूत ठेवणे, हे त्यांच्या साक्षीपणाचे यश आहे.

७

'साईसच्चरिता'चे दोन वाचनमार्ग या विवेचनातून स्पष्ट होतात. पहिला मार्ग अध्यायांना फलाशी जोडतो. अमुक संकटावर अमुक अध्याय. या मार्गाने विश्वास हे साधन होते, आणि साधन निकामी ठरले की दोष साधकाच्या माथी येतो. दुसरा मार्ग जात्यापाशी थांबतो, फुटलेल्या घड्यापाशी थांबतो, राहात्याच्या वेशीवर उभ्या टांग्यापाशी आणि मेघाच्या प्रेतयात्रेपाशी थांबतो. या मार्गाने जाणाऱ्याला 'का' या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. कोण आले, कोणी विचारले, कोण सोबत चालले, एवढेच मिळते.

संतचरित्रात्मक वाङ्मयाचे मूल्यमापन करताना मराठी समीक्षेला या दुसऱ्या मार्गाचा निकष वापरता येईल. चरित्रात चमत्कार आहेत की नाहीत, यावरून त्याची प्रत ठरू नये. ज्याच्या वाट्याला चमत्कार आला नाही, त्या माणसासाठी त्या चरित्रात जागा आहे की नाही, हे पाहावे. महिपतींच्या ग्रंथांपासून अलीकडच्या गद्य चरित्रांपर्यंत हा निकष लावला तर अनेक प्रतिष्ठित संहितांत ती जागा सापडणार नाही, आणि काही उपेक्षित संहितांत अनपेक्षितपणे सापडेल. 'श्रीसाईसच्चरिता'त ती जागा आहे. ती दुसऱ्या अध्यायात आहे, लोणावळ्याच्या त्या घरात. आणि बावन्न अध्याय लिहूनही हेमाडपंतांनी तिच्यावर समाधानाचे पांघरूण घातलेले नाही.